असईची जमीन, बारा फूट बाय सहा फूट: प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर

काल आमच्या वॉरगेमिंग क्लबात, म्हणजे छोटे शिपाई मांडून टेबलावर लढाया खेळणाऱ्यांच्या क्लबात, शिक्कामोर्तब झालं. येत्या मे महिन्यात नेवार्कच्या पार्टिझन प्रदर्शनात आमचं टेबल असईचं असणार. २३ सप्टेंबर १८०३: एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसह आर्थर वेल्स्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज. खेळ डिस्प्ले प्रकारचा, म्हणजे डाव क्लबातलेच लोक मांडणार आणि खेळणार, येणारेजाणारे पाहणार, विचारणार. पार्टिसिपेशन प्रकारात पाहुण्यांच्या हाती फासे द्यायचे असतात, त्यासाठी नियम सोपे आणि टेबल दणकट लागतं. डिस्प्लेमध्ये जमिनीवर हवी तेवढी मेहनत घेता येते, आणि मला जमीनच दाखवायची आहे.

एप्रिलमध्ये लंडनच्या एक्सेलमध्ये सॅल्यूट नावाचं प्रदर्शन भरतं, ते याहून खूप मोठं. पण आम्हाला लेस्टरहून नेवार्क सोयीचं, आणि पार्टिझनला येणारा माणूस ऐतिहासिक वॉरगेमिंगमध्ये मुरलेला असतो. तो टेबलाशी वाकून तोफगाड्याच्या चाकांचे आरे पाहतो.

इंग्लंडमध्ये असईची टेबलं मी पाहिली आहेत. पिवळी वाळू, कडेला दोन-चार ताडं, मधे फेटेवाल्यांचा विस्कळीत जमाव आणि त्याच्यावर चालून जाणारी लाल डगल्यांची सरळ रांग. जमीन राजस्थानची, फौज सिनेमातली. असई आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ आहे. लढाई झाली ती पावसाळा सरता सरता. आणि शिंद्यांचं जे पायदळ त्या दिवशी उभं ठाकलं ते कवायती होतं, बंदुका-संगिनींसह ओळीत उभं होतं, त्यातल्या पलटणींच्या अंगावरही लाल डगलेच होते. ती जमीन कशी होती आणि त्या जमिनीवर शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे कवायती ब्रिगेडींनी, काय करून दाखवलं, हे पाहणाऱ्याला कुणी न सांगता दिसलं पाहिजे. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

२१ ऑक्टोबर

नकाशा आणि प्रमाण. उपग्रहाच्या मोफत माहितीतून उंच-सखलपणा काढला आणि लढाईचे जुने आराखडे त्यावर ठेवून पाहिले. दक्षिणेला केळना, उत्तरेला जुई. दोन्ही पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींना मिळतात आणि मधे निमुळती होत जाणारी जमिनीची जीभ सोडतात. लढाई या जिभेवर झाली.

वेल्स्ली दक्षिणेकडून आला तेव्हा शिंदे-भोसल्यांची फौज केळनेच्या पलीकडच्या काठाने भोकरदनच्या बाजूपासून असईपर्यंत पसरलेली होती. पश्चिमेला घोडदळ, पूर्वेला पायदळ आणि तोफा. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. पुढे नदी पार करण्याजोगा उतार नाही असं वाटाडे सांगत होते. वेल्स्लीला दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वारूर. अशी गावं असतील तर मधून येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने कयास बांधला. तो बरोबर निघाला आणि फौज पूर्वेच्या टोकाने जिभेवर चढली.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजी पुस्तकं आवडीने सांगतात. त्यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कवायती पायदळाचा मुख्य अधिकारी अँथनी पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा. शत्रू डाव्या बगलेवर उतरतोय हे पाहून त्याने दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली अख्खी रांग काटकोनात फिरवून पूर्वेकडे वळवली. उजवं टोक केळनेला, डावं टोक असई गावाला टेकवलं. तोफा ओळीपुढे. हजारोंचं पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा, समोर शत्रू नदी उतरत असताना. एवढी झटपट फेररचना होईल असा वेल्स्लीचा अंदाज नव्हता. कुठल्याही युरोपीय सैन्याला अभिमान वाटावा अशी ही हालचाल आहे, आणि ती समजते फक्त जमीन नीट मांडली तर. दोन नद्यांमधलं अंतर जास्त दाखवलं की पोलमनची रांग तोकडी पडते. कमी दाखवलं की तिला फिरायला जागा उरत नाही.

दोन नद्यांमधली रुंदी ढोबळमानाने मैलभर धरली. टेबलाची रुंदी सहा फूट, म्हणजे एका फुटात साधारण २७० मीटर. पण शिपाई २८ मिलिमीटरचे. नकाशाच्या हिशेबाने प्रत्येक शिपाई पंचवीस मीटर उंच होतो. वॉरगेमिंगच्या प्रत्येक टेबलावर अशी दोन प्रमाणं एकत्र नांदतात आणि कुठलं कुठे पाळायचं हे आधी ठरवावं लागतं. आमचं ठरलं असं: गावं, नद्या, उतार यांची जागा नकाशाप्रमाणे, घरं, झाडं, पिकं, काठांची उंची शिपायांप्रमाणे. असई गाव म्हणजे मातीचा कोट आणि आत मोजकी घरं. पलटणीसाठी साधारण वीस माणसांमागे एक शिपाई.

चार फूट बाय तीन फूट असे सहा बोर्ड. गाडीच्या मागच्या सीट पाडल्या की बसतात.

५ नोव्हेंबर

सिल्लोडला मावसभाऊ असतो. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्याला फोन केला.

"दादा, आता तिकडं सगळी कपाशी आन् मका. ज्वारी हुडकावी लागती."

"दोनशे वर्षांपूर्वीचं विचारतोय रे. सप्टेंबर अखेरीला शेतात काय उभं असेल?"

"मका तर धरूच नको. बाजरी कापणीला आलेली. खरिपाची ज्वारी, पण आत्ताची बुटकी नव्हं, आज्याच्या टायमाची. तिच्यात माणूस शिरला तर फेट्याचा शेमला बी दिसत नव्हता. तूर हिरवीगार. आन् रान कसं काय पिवळं दाखिवतात हे लोक? पोळ्याच्या नंतर महिनाभर तरी रान हिरवंच असतंय की."

त्याने फोटो पाठवले. मुख्यतः मातीचे, मी तेच मागितले होते. नदीकाठची कड कोसळलेली असते तिथे जमिनीचा छेद दिसतो: वर काळी माती, तिच्याखाली तांबूस-पिवळट मुरूम, त्याच्याखाली काळा दगड. पात्रात वाळू थोडी, गोटे जास्त. माझ्यासाठी हा फोटो म्हणजे रंगांचा तक्ताच आहे.

टेबलावरून काय काय हद्दपार: गुलमोहर, निलगिरी, गाजरगवत, सुबाभूळ. हे सगळं नंतर आलं. राहणार: बाभूळ, कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ, बांधावर त्रिधारी निवडुंग.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. धाकटीने मागच्या अंगणात किल्ला केला. इथल्या थंडीत अळीव उगवेना म्हणून माझ्या डब्यातलं स्टॅटिक ग्रास, म्हणजे मॉडेलवर लावायचं कृत्रिम गवत, मागून नेलं. बुरुजांना तिने विटकरी रंग दिला नाही, करडा दिला. "सह्याद्रीचा दगड काळा असतो ना, बाबा." तिला बोर्ड रंगवायला घेणार.

२५ नोव्हेंबर

फोम कापणीला सुरुवात. खाली पातळ एमडीएफ, वर एक्सपीएस या घट्ट फोमचा पन्नास मिलिमीटरचा थर. नद्यांची पात्रं गरम तारेने कोरली. केळनेचे काठ उभे आणि खोल हवेत, कारण उताराच्या जागेखेरीज तोफा पार करता येत नाहीत हाच तर या जमिनीचा मुद्दा. उतारापाशी काठ दोन्हीकडून खाली आणला आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या बॉलपेनच्या बोथट टोकाने दाबून काढल्या.

काठाचा छेद असा केला. फोमची उभी बाजू तारेच्या ब्रशने खरवडली की तंतूतंतू पडतात, तो मुरूम. त्याच्या तळाशी ओकच्या सालीचे चपटे तुकडे रोवले, तो काळा खडक. वरचा काठ सुरीने किंचित आत कापला, म्हणजे काळ्या मातीचा ओठ बाहेर आलेला दिसतो आणि त्यातून गवताची मुळं लोंबकळताना दाखवता येतात. मुळांसाठी सुतळीचे सुटे धागे. हा सगळा भाग हाताच्या पंजाएवढ्या उंचीचाही नाही, पण टेबलाच्या कडेला असल्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिला तोच येणार.

वरून टाइल ग्राउट, पीव्हीए (पांढरा गोंद) आणि बारीक वाळू यांचं मिश्रण. काळ्या मातीला नुसता काळा रंग देऊ नये, त्यात जमीन मेल्यासारखी दिसते. गडद तपकिरीत काळा मिसळून पहिला हात, त्यावर करड्या-तपकिरीचा कोरडा ब्रश, आणि ओलाव्यासाठी खोलगट जागी सॅटिन वार्निश. पाऊस नुकताच ओसरला आहे हे त्या चमकेने कळतं.

९ डिसेंबर

लंडनला कामानिमित्त गेलो, तिथून चेल्सीला नॅशनल आर्मी म्युझियममध्ये. विल्यम सायबॉर्नने केलेलं वॉटर्लूचं मॉडेल तिथे आहे. सुमारे चारशे चौरस फूट, त्यावर सत्तर हजारांहून जास्त चिमुकले शिपाई. १८३८ मध्ये ते पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांसाठी मांडलं होतं. आमच्या छंदाचा आद्यपुरुष मी त्यालाच मानतो.

सायबॉर्न १८३० मध्ये काही महिने रणभूमीवरच्या ला ए सांत या शेतवाड्यात राहिला आणि त्याने जमीन मोजली. तोवर तिथे सिंहाची टेकडी हे स्मारक उभं राहिलं होतं आणि तिच्यासाठी वेलिंग्टनच्या ओळीजवळचीच माती खणून नेलेली होती. मग त्याने लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून माहिती गोळा केली. कोण कुठे उभं होतं हे तर विचारलंच, शिवाय तुमच्यासमोर कुठलं पीक होतं हेही विचारलं. राय हे गव्हासारखं पीक उंच असेल तर पलटणीला समोरचं दिसत नाही, म्हणजे पीक हा लढाईचाच भाग. प्रशियन फौज किती पुढे आलेली दाखवायची यावरून त्याचे आणि वेलिंग्टनचे मतभेद झाले, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली. मॉडेल ही निव्वळ शोभेची वस्तू नसते. कोण कुठे होतं याबद्दलचं ते विधान असतं, म्हणूनच त्यावर भांडणं होतात. आणि हा वेलिंग्टन म्हणजे असईचाच चौतीस वर्षांचा वेल्स्ली.

परतताना ठरवलं, ज्वारी उंचच लावायची. क्लबातल्या काहींना वाटतं की शिपाई झाकले जातील. जाऊ देत.

२८ डिसेंबर

शिपाई. नॉटिंगहॅम आणि आसपासचा पट्टा या छंदात 'लीड बेल्ट' म्हणून ओळखला जातो. पेरी बंधू, वॉरलॉर्ड आणि इतर कितीतरी उत्पादक याच परिसरातले, त्यामुळे युरोपातल्या नेपोलियनच्या लढायांसाठी प्लास्टिकचे संच भरपूर मिळतात. १८०३ सालचा दख्खन मात्र तयार डब्यात मिळत नाही. जुळवावा लागतो.

मद्रासी पलटणींचे शिपाई: वर लाल कोट, खाली मांडीपर्यंतच्या आखूड पांढऱ्या चड्ड्या, पाय उघडे, पायात चपला, डोक्याला गोल टोपीवजा पागोटं. धड प्लास्टिकचं घेतलं, पँट तासून गुडघे आणि पोटऱ्या घडवल्या, पागोटी ग्रीन स्टफची, म्हणजे हाताने घडवायच्या हिरव्या पुट्टीची.

शिंद्यांच्या कंपूंसाठी १८४० च्या दशकातल्या खालसा फौजेचे धातूचे शिपाई उपयोगी पडले. तीही युरोपीय अधिकाऱ्यांनी तालीम दिलेली फौज, डगल्यांचा काट मिळताजुळता. दाढ्या कानशीने उतरवल्या, मिशा ठेवल्या, फेटे नव्याने बांधले. या पलटणींत मराठे थोडे. भरणा अवध, बिहार, रोहिलखंडकडच्या राजपूत, ब्राह्मण आणि मुसलमान शिपायांचा. महादजींच्या वेळी बेन्वा द बॉयनने उभी केलेली ही पद्धत. चेहऱ्यांचे रंग वेगवेगळे ठेवले. एकाच बाटलीतून सगळे रंगवले तर ते जातिवंत शिपाई न वाटता साच्यातून पडलेले वाटतात.

सरधन्याच्या जहागीरदार बेगम समरूच्या पलटणीही या मोहिमेत शिंद्यांकडे होत्या. त्यांच्यासाठी वेगळी तुकडी धरली आहे.

१४ जानेवारी

बैल. आज दिवसभर फक्त बैल, आणि संक्रांतीची सुट्टी म्हणून धाकटी मदतीला. तिळगूळ खात काम झालं.

बाजारात मिळणारी बैलांची जोडी युरोपातली: पाठ सपाट, मान आखूड, शिंगं बाजूला. वेल्स्लीचे तोफांचे बैल म्हैसूरचे, अमृतमहाल जातीचे. टिपूच्या पदरचं हे गोधन १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीच्या हाती आलं. चालीला चपळ, मोहिमेला काटक. वेल्स्लीच्या हालचालींचा वेग पुष्कळसा या जनावरांच्या खुरांवर होता.

म्हणून आधी वशिंड. ग्रीन स्टफची वाटाण्याएवढी गोळी, खांद्याच्या किंचित पुढे, वरून मागे झुकलेली. नुसती चिकटवली तर गाठोडं ठेवल्यासारखी दिसते. कडा ओल्या ब्रशने मानेत आणि पाठीत विरघळवल्या की जनावर एकदम देशी होतं. मग गळ्याखालची पोळी: पातळ लाटलेली पट्टी, दोन ठिकाणी मुडपून. शिंगं कापून टाकली आणि पितळी तारेची नवी बसवली, मुळाशी जवळजवळ, मागे जाऊन वर वळणारी, टोकाला कानशीने निमुळती. रंग पांढरा नव्हे, राखाडी. खांदा आणि मांड्या गडद, तोंडाशी आणि डोळ्यांभोवती काळपट. शिंद्यांच्या तोफगाड्यांचे बैल मी तांबडे आणि बांडेही ठेवले.

या बैलांवर एवढा वेळ घालवायला कारण आहे. इंग्रजांच्या तोफा पुढे सरकायला लागल्या तेव्हा समोरच्या माऱ्यात त्यांचे बैल आणि गोलंदाज इतके पडले की तोफा मागेच सोडून पायदळाला संगिनी रोखून पुढे जावं लागलं. म्हणजे बैल कोसळणं हा लढाईचा एक निर्णायक क्षण. टेबलावर तो दाखवायला पडलेले बैल आणि रिकामी जुवं लागणार, ती वेगळी घडवली.

४ फेब्रुवारी

नद्यांत रेझिन ओतलं. गढूळ चहाच्या रंगाचं. सप्टेंबरातलं पाणी निळं नसतं. पातळ थर देत गेलो, प्रत्येक थराला रात्रभर मुरू दिलं.

२४ फेब्रुवारी

तोफा. माझ्या दृष्टीने या टेबलाचं काळीज.

मराठ्यांकडे तोफा होत्या पण जुनाट, असा समज इथे अजून भेटतो. द बॉयनच्या तोफा ओतणारा सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस आग्र्याला कारखाना चालवत होता आणि युरोपीय नमुन्यावर पितळी तोफा काढत होता. असईनंतर वेल्स्लीने स्वतः लिहून ठेवलं की टिपूच्या तोफा आपल्याला कधी वापरता आल्या नाहीत, पण शिंद्यांच्या इतक्या चांगल्या आणि सुसज्ज आहेत की आपल्या फौजेत चालतील. शत्रूकडून याहून मोठी पावती कुठली?

शंभरेक तोफांसाठी टेबलावर चौदा. नळ्या काही विकतच्या, काही मित्राने थ्रीडी प्रिंटरवर काढल्या. प्रिंटच्या थरांच्या रेषा घासून काढायला वेळ लागतो, पण पितळी रंग आरशासारखा सपाट पृष्ठभाग मागतो, तिथे कुचराई चालत नाही. तपकिरी बेस, वर सोनेरी, मग पातळ तपकिरी वॉश आणि कानांपाशी किंचित हिरवट. तोंडाशी काजळी.

प्रत्येक तोफेभोवती गोलंदाज पाच किंवा सहा. इथे एक गोष्ट मी क्लबात आग्रहाने मान्य करून घेतली. गोलंदाजांचे दोन संच करायचे. इंग्रजी रांग तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा गोलंदाजांतले बरेच जण पडून राहिले होते. रांग पुढे सरकताच ते उठले, तोफा फिरवल्या आणि पाठमोऱ्या पलटणींवर मारा सुरू केला. इंग्रजांकडच्या ७८ व्या हायलँडर्स पलटणीला मागे वळून त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या, आणि वेल्स्ली स्वतः घोडदळ घेऊन तिकडे आला. म्हणून पहिला संच तोफा चालवणारा, दुसरा आडवे पडलेल्यांचा आणि उठून चाकांना खांदा लावणाऱ्यांचा. खेळात ठरावीक टप्प्यावर बेस, म्हणजे शिपाई चिकटवलेल्या पट्ट्या, बदलायचे.

दुसऱ्या संचातला एक जण मी कोपरावर रेलून मान वर करून बघताना घडवला आहे. त्याची नजर पुढे गेलेल्या लाल पाठींकडे. अख्ख्या टेबलावर माझी सगळ्यात आवडती फिगर हीच.

१७ मार्च

असई गाव पूर्ण. मातीचा कोट, कोपऱ्याला बुरूज, धाब्याची घरं. छतावर पेंढीचे भारे आणि एका घरावर भोपळ्याचा वेल. कोटाला तोफेसाठी भोकसं पाडली. या गावातून आणि त्याच्या बाजूच्या तोफांतून इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीवर जो मारा झाला त्यात ती पलटण जवळजवळ संपली. उजवीकडची टेहळणी तुकडी ऑरॉक या अधिकाऱ्याच्या हाताखाली गावाच्या रोखाने भरकटली आणि तिच्यामागे ७४ वी. पाचशेच्या आसपास माणसांपैकी चारशेच्या घरात मेलेली किंवा जखमी.

बाजरी काथ्याच्या पायपुसण्याची. पट्ट्या कापायच्या, टोकं पीव्हीएत बुडवून बारीक फ्लॉकमध्ये, म्हणजे रंगीत भुश्यात, दाबायची की कणसं भरलेली दिसतात. ज्वारीसाठी तेच, पण उंच आणि विरळ, टोकाला स्पंजाचे मोकळे झुबके. तूर म्हणजे तारेवरची गर्द हिरवी लायकन. पिकांचे तुकडे सुटे आहेत, पलटण आत शिरली की उचलून बाजूला ठेवता येतात.

पिंपळगावच्या काठावर पार बांधलेला पिंपळ. पानं बर्चच्या वाळक्या फुलोऱ्याची, चिमटीने चुरून चाळलेली. ती खरोखर पिंपळपानाच्या घाटाची पडतात.

७ एप्रिल

चाचणीचा डाव झाला. नियम आमचेच. पोलमनच्या कंपूंना एकदा, फक्त एकदा, हुकमाचा फासा न टाकता पूर्ण काटकोनात फिरता येतं. इतर कुणालाच ही सवलत नाही. विरोधी बाजूने खेळणारे आमचे निवृत्त शिक्षक म्हणाले, हा पक्षपात आहे. मी म्हटलं, सर, हे घडलेलं आहे. त्यांनी आराखडा मागवून घेतला, पाहिला आणि मान्य केलं.

घोडदळाचा प्रश्न अवघड. दौलतराव आणि रघूजी लवकरच रणातून निघून गेले आणि पश्चिमेकडचं प्रचंड घोडदळ जवळजवळ बघ्याच्या भूमिकेत राहिलं. हे दुखतं, पण आहे ते आहे. टेबलाच्या पश्चिम कडेला ते भगव्या निशाणांसह उभं राहील आणि खेळणाऱ्याला त्याला हात लावता येणार नाही.

२८ एप्रिल

माहितीचे फलक लिहिले. छोटे ठेवले. एकावर दोन्हीकडची फौज. केळनेच्या दक्षिणेला वेल्स्लीच्या बाजूने थांबलेलं घोडदळ म्हैसूरचं आणि पेशव्यांचं होतं, हे पहिल्या ओळीत घातलं. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसरे बाजीराव कंपनीच्या आश्रयाला गेले आणि त्यातूनच हे युद्ध पेटलं. मराठे विरुद्ध इंग्रज एवढंच लिहून भागत नाही.

दुसऱ्यावर किंमत. वेल्स्लीकडे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. आपण लढलेल्या लढायांत सर्वोत्तम कुठली, असं म्हातारपणी विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असई म्हटलं. तिसऱ्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन: पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला हा माणूस त्या दिवशी वेल्स्लीसोबत घोड्यावर होता. हा फलक मुख्यतः मराठी पाहुण्यांसाठी, मिडलँड्समध्ये आपली माणसं कमी नाहीत.

२० मे

काल प्रदर्शन झालं. सकाळी दारं उघडायच्या आत सहाही बोर्ड जोडून झाले. सांधे पिकांनी आणि बांधांनी झाकले.

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे रंगाचा: भारत इतका हिरवा? मावसभावाचे फोटो टॅबवर ठेवलेच होते. लोक पाहायचे, मग वाकून काठाचा छेद पाहायचे. मुरमाच्या थराबद्दल एका भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थिनीने बराच वेळ विचारलं आणि दख्खनच्या लाव्हाच्या थरांबद्दल तिनेच आम्हाला चार गोष्टी सांगितल्या. डर्बीहून आलेलं एक मराठी कुटुंब थेट फलकापाशी थांबलं. आजोबा मूळचे जाफ्राबादचे निघाले. "असई आमच्यापासून काही लांब नाही. पण तोफा फिरवल्या होत्या हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही." नातवाला त्यांनी उचलून कोपरावर रेललेला गोलंदाज दाखवला.

डावात पोलमनची रांग फिरली तेव्हा टेबलाभोवती खरोखर गर्दी जमली. ७४ वी असईपुढे कोसळली, वेल्स्लीचा घोडदळप्रमुख मॅक्सवेल याचं घोडदळ १९ व्या ड्रॅगून्ससह तिच्या मदतीला गेलं, आणि डाव जुईच्या काठावर संपला. मॅक्सवेल पडला, इतिहासातही पडला होता.

सगळ्यात कामाची सूचना तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. ते दुसरा संच बराच वेळ निरखत होते. म्हणाले, एवढ्या वजनाची तोफ मऊ जमिनीत जागच्या जागी फिरवली तर गाड्याची मागची शेपटी अर्धवर्तुळाकार चर पाडते आणि एक चाक रुतून तिथे खळगा होतो. तुमच्या तोफा फिरलेल्या आहेत, जमीन फिरलेली नाही. काळी माती पावसाळ्यानंतर कशी असते ते आम्ही टेबलभर दाखवलं आहे, तर हे हवंच. तिसऱ्या आणि चौथ्या बोर्डावर केळनेकडच्या सहा तोफांच्या जागी ग्राउट खरवडून चर कोरायचे, बाहेर सरकलेल्या मातीची कड पुट्टीने उचलायची, चरात सॅटिन वार्निश. खेळाच्या पहिल्या भागात ते झाकायला गवताचे सुटे तुकडे करावे लागतील.

ऑक्टोबरात पुन्हा नेवार्क आहे. तोवर हे होईल. बोर्ड गॅरेजात उभे लावले आहेत, काठ भिंतीकडे करून.